बँक कर्मचाऱ्यांचे द्विपक्षीय वेतन करार

द्विपक्षीय वेतन करार म्हणजे भारतातील सार्वजनिक क्षेत्रातील बँका, काही जुन्या खासगी बँका आणि काही विदेशी बँका यांच्या वतीने इंडियन बँक्स असोसिएशन (या लेखात यापुढे ‘बँक संघ’) आणि बँक कर्मचाऱ्यांच्या अखिल भारतीय संघटना यांच्यात ठरावीक कालावधीने होणारा लेखी करार होय. कर्मचाऱ्यांचे वेतन, भत्ते, रजा, कामाचे तास, बदल्या, शिस्तभंगाची कार्यपद्धती व निवृत्तिलाभ यांविषयीच्या तरतुदी या करारांनी ठरतात. पहिला करार १९ ऑक्टोबर १९६६ रोजी आणि बारावा ८ मार्च २०२४ रोजी झाला. बाराव्या कराराचा व त्यासोबतच्या अधिकाऱ्यांच्या संयुक्त टिपणाचा लाभ सुमारे ८ लाख कर्मचारी व अधिकाऱ्यांना मिळाला.

भारतीय रिझर्व्ह बँक, नाबार्ड आणि आयुर्विमा महामंडळ या करारांच्या कक्षेत येत नाहीत. नव्या पिढीच्या खासगी बँका आणि नागरी व जिल्हा सहकारी बँकाही त्याबाहेर आहेत. त्यामुळे एकाच बाजारपेठेत शेजारीशेजारी असलेल्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेतील कारकून आणि सहकारी बँकेतील कारकून यांचे काम बरेचसे सारखे असले, तरी त्यांचे वेतन ठरविण्याच्या वाटा अगदी निराळ्या असतात.

इतर शासकीय वेतनपद्धतींहून वेगळेपण

महाराष्ट्रातील वाचकाला शासकीय कर्मचारी वा शिक्षक यांच्या संदर्भात ‘वेतन आयोग’ हा शब्द चांगला परिचित असतो. आयोग संघटनांची निवेदने घेतो, साक्षी नोंदवितो आणि अहवाल देतो. तो जसाच्या तसा स्वीकारावा, बदलावा की लांबणीवर टाकावा, हे सरकार ठरविते. राज्य सरकार पुढे आपल्या सवडीने केंद्राच्या वेतनश्रेणी लागू करते. या साऱ्या प्रक्रियेत कर्मचारी संघटना आपले म्हणणे मांडते, परंतु अंतिम कागदावर तिची स्वाक्षरी नसते. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तमिळनाडूतील कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात म्हटले, तेव्हा हा फरक अधिकच ठळक झाला.

बँकांत मात्र कागदावर दोन्ही पक्षांच्या स्वाक्षऱ्या असतात. हा करार औद्योगिक विवाद कायदा, १९४७ याच्या कलम २(प) व कलम १८(१) यांखाली होत आला आहे. म्हणजे तो कायद्याने बंधनकारक असतो आणि एका पक्षाला तो मनास येईल तेव्हा मोडता येत नाही. मुदत संपली तरी रीतसर सूचना देऊन तो समाप्त केला जाईपर्यंत त्याच्या तरतुदी लागू राहतात.

अशा स्वाक्षरीचे मोल किती, हे आयुर्विमा महामंडळातील एका प्रकरणावरून कळते. तेथे १९७४ साली झालेल्या करारात तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना बोनस मान्य करण्यात आला होता. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, संसदेने स्वतंत्र कायदा करून ती तरतूद निष्प्रभ केली. सर्वोच्च न्यायालयाने मदनमोहन पाठक प्रकरणात १९७८ साली हा कायदा अवैध ठरविला. परंतु १९८१ साली महामंडळाच्या मूळ कायद्यातच दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती नियमांद्वारे ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. बँकांच्या बाबतीत असे घडले नाही. करारांची मालिका अखंड राहिली.

निवाड्यांचा काळ

स्वातंत्र्यापूर्वी व त्यानंतरची काही वर्षे प्रत्येक बँकेत वेतनाची रीत वेगळी होती. एप्रिल १९४६ मध्ये कलकत्त्यात ऑल इंडिया बँक एम्प्लॉईज असोसिएशनची स्थापना झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत बँक संघ स्थापन झाला. म्हणजे पुढे समोरासमोर बसणाऱ्या दोन्ही संस्था एकाच वर्षी जन्मल्या. मात्र पुढची वीस वर्षे दोघांमधील वाद न्यायाधिकरणांपुढेच चालले.

केंद्र सरकारने १९४९ साली न्या. के. सी. सेन यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय न्यायाधिकरण नेमले. त्याचा निवाडा १९५० साली आला. पण न्यायाधिकरणाच्या रचनेतील दोषामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली तो रद्दबातल ठरविला. पदरात पडलेले वेतन हातचे जाण्याची वेळ आल्याने देशभर असंतोष पसरला. त्यानंतर न्या. पंचपकेश शास्त्री यांच्या न्यायाधिकरणाने १९५३ साली दिलेला ‘शास्त्री निवाडा’ हा बँक सेवाशर्तींचा पहिला टिकाऊ पाया ठरला. बँकांचे त्यांच्या आकारमानानुसार वर्ग आणि गावांचे लोकसंख्येनुसार विभाग पाडून त्याने वेतन ठरविले. शास्त्री निवाड्यातील कित्येक व्याख्या पुढील करारांनी तशाच पुढे चालविल्या, म्हणून जुन्या कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द अजूनही येतो.

या निवाड्याविरुद्ध दोन्ही पक्ष श्रम अपील न्यायाधिकरणाकडे गेले. न्यायाधिकरणाने १९५४ साली कर्मचाऱ्यांना काही अधिक लाभ दिले. केंद्र सरकारने मात्र आपल्या अधिकारात तो निर्णय बदलून लाभ कमी केले. त्याचा निषेध म्हणून केंद्रीय श्रममंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. श्रममंत्र्यानेच कामगारांच्या निवाड्यासाठी पद सोडावे, ही भारतीय राजकारणातील विरळा घटना आहे. पुढे १९६९ साली, प्रभारी राष्ट्रपती असताना, चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर स्वाक्षरी करण्याचा योगही त्यांनाच आला.

गिरींच्या राजीनाम्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. प्रथम हे काम न्या. राजाध्यक्ष यांच्याकडे होते. त्यांच्या निधनानंतर ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्याकडे आले. गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले आणि पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षही. त्यांच्या आयोगाच्या शिफारशींनुसार अपील न्यायाधिकरणाचा निर्णय बहुतांशी पुनःस्थापित करण्यात आला आणि त्यासाठी १९५५ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. त्यानंतर पुन्हा वाद उद्भवल्यावर न्या. कांतिलाल देसाई यांच्या न्यायाधिकरणाने १९६२ साली ‘देसाई निवाडा’ दिला.

एका वेतनवादाला अशा रीतीने न्यायाधिकरण, सर्वोच्च न्यायालय, अपील, सरकारी बदल, आयोग आणि संसद एवढे टप्पे पार करावे लागले. समोरासमोर बसून तोडगा काढण्याचा मार्ग दोन्ही पक्षांना पटला, त्यामागे हा अनुभव होता.

करारांची मालिका

पहिला करार १ जानेवारी १९६६ पासून अंमलात आला. तो झाला तेव्हा बहुतेक बँका खासगी मालकीच्या होत्या. दुसरा करार १२ ऑक्टोबर १९७० रोजी झाला, तोवर जुलै १९६९ च्या राष्ट्रीयीकरणाने मालक बदलला होता. पुण्यात मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्र ही त्या चौदा बँकांपैकीच एक. एप्रिल १९८० मध्ये आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. वाटाघाटींची चौकट मात्र बदलली नाही. समोर पूर्वीप्रमाणे बँक संघच बसत राहिला, पण त्याच्यामागे आता केंद्रीय अर्थमंत्रालय होते. या विषयातील पुढच्या बहुतेक तंट्यांचे मूळ या एका बदलात सापडते: करार करणारा पक्ष एक आणि पैशाला अंतिम मान्यता देणारा दुसरा, आणि हा दुसरा वाटाघाटींच्या मेजावर कधीच नसतो.

तिसऱ्या कराराला १९७९ उजाडले. मधल्या काळात आणीबाणी येऊन गेली होती. शिवाय बँका व विमा कंपन्यांतील वेतन इतरांच्या मानाने फार आहे, अशी टीका होऊ लागली होती. वेतन, उत्पन्न व किंमती यांचा अभ्यास करणाऱ्या भूतलिंगम समितीचा अहवाल १९७८ साली आला तो याच वातावरणात. चौथा करार सप्टेंबर १९८४, पाचवा एप्रिल १९८९ आणि सहावा फेब्रुवारी १९९५ मध्ये झाला. १ नोव्हेंबर १९८७ पासून लागू झालेल्या पाचव्या करारापासून पाच वर्षांचे चक्र स्थिरावले आणि तेव्हापासून प्रत्येक करार १ नोव्हेंबर या तारखेपासून लागू होतो.

लागू होण्याची तारीख आणि स्वाक्षरीची तारीख यांतील अंतर मात्र लांबत गेले. आठवा करार नोव्हेंबर २००२ पासूनचा, पण स्वाक्षरी झाली जून २००५ मध्ये. नववा नोव्हेंबर २००७ पासूनचा, स्वाक्षरी एप्रिल २०१० मध्ये. दहावा नोव्हेंबर २०१२ पासूनचा, स्वाक्षरी मे २०१५ मध्ये. अकराव्याला तर पूर्ण तीन वर्षे लागली. बारावा त्या मानाने लवकर, सोळा महिन्यांत झाला. मधल्या काळातील फरक थकबाकी म्हणून एकरकमी मिळतो. त्यावर व्याज नसते.

१९९७ साली नऊ संघटनांनी एकत्र येऊन युनायटेड फोरम ऑफ बँक युनियन्स हा संयुक्त मंच स्थापन केला. त्यात कारकून व शिपाई वर्गाच्या तसेच अधिकाऱ्यांच्या, निरनिराळ्या राजकीय विचारांच्या संघटना आहेत. इतर प्रश्नांवर एकमेकींशी भांडणाऱ्या या संघटना वेतनाच्या प्रश्नावर एकाच बाजूस बसतात. थकबाकी हाती आल्यावर संघटना सभासदांकडून त्यातील काही हिस्सा वर्गणी म्हणून घेतात. अनेक संघटनांच्या आर्थिक बळाचा तो एक प्रमुख आधार आहे.

वाटाघाटींची रीत

कराराची मुदत संपत आली की संघटना मागणीपत्र सादर करतात. बँक संघाला स्वतःहून बोलणी करण्याचा अधिकार नसतो. प्रत्येक बँकेने त्याला तसे लेखी अधिकारपत्र द्यावे लागते, आणि ते किती कर्मचाऱ्यांपुरते आहे हेही त्यात नमूद असते. त्यानंतर बँक संघाची वाटाघाटी समिती आणि संघटनांचे प्रतिनिधी यांच्या बैठका सुरू होतात. आधी एकूण वाढीचा आकडा ठरतो व त्याचा सामंजस्य करार होतो. मग त्या रकमेची वाटणी कशी करायची यावर काही महिने जातात आणि शेवटी अंतिम कराराचा मसुदा तयार होतो.

बोलणी अडली की संघटना संपाची सूचना देतात. बँकिंग ही सार्वजनिक उपयुक्ततेची सेवा गणली गेल्याने तेथे पूर्वसूचनेवाचून संप करता येत नसे. सूचना दिल्यावर किमान चौदा दिवस थांबावे लागे. सूचना मिळताच केंद्रीय मुख्य श्रम आयुक्त दोन्ही पक्षांना सलोख्यासाठी बोलावितात, आणि सलोख्याची कार्यवाही चालू असताना संप बेकायदा ठरतो. त्यामुळे जाहीर झालेले अनेक संप आयत्या वेळी पुढे ढकलले जातात. ‘पुढे ढकलला’ आणि ‘मागे घेतला’ यांत संघटना काटेकोर भेद करतात, कारण पहिल्यात मागणी जिवंत राहते.

अधिकाऱ्यांची स्थिती थोडी निराळी आहे. कायद्याच्या व्याख्येत ते ‘कामगार’ नसल्याने त्यांच्याशी औद्योगिक विवाद कायद्याखालील करार होत नाही. त्यांच्यासाठी बँक संघ व अधिकारी संघटना ‘संयुक्त टिपणा’वर स्वाक्षऱ्या करतात आणि मग प्रत्येक बँक आपल्या अधिकारी सेवाविनियमांत त्याप्रमाणे दुरुस्ती करते. पिल्लई समितीच्या शिफारशींवरून १९७९ साली हे सेवाविनियम आले, तेव्हा कनिष्ठ अधिकाऱ्याचे आरंभीचे मूळ वेतन ७०० रुपये होते. केंद्राच्या प्रथम श्रेणी सेवांतही त्या काळी आरंभ ७०० रुपयांचाच होता. आज बँकेतील आरंभ ४८,४८० आणि केंद्राच्या गट अ सेवांत ५६,१०० रुपये आहे. दोन्ही आकडे वेगवेगळ्या तारखांचे आणि वेगवेगळ्या महागाई निर्देशांकांवर बसविलेले असल्याने ही तुलना सरळ नाही. तरी ५६,१०० चा आकडा २०१६ चा आणि ४८,४८० चा २०२२ चा आहे, हे ध्यानात घेतल्यास अंतर दिसते त्याहून मोठे ठरते. अधिकारी संघटना ‘गमावलेली बरोबरी’ म्हणतात ती हीच.

टक्क्यांचे गणित

प्रत्येक करारानंतर वृत्तपत्रांत एक टक्केवारी झळकते: नवव्यासाठी १७.५, दहाव्या व अकराव्यासाठी १५, बाराव्यासाठी १७. प्रत्येकाचा पगार तेवढ्या टक्क्यांनी वाढला, असा समज त्यावरून होतो. तो बरोबर नाही. ही टक्केवारी सर्व बँकांच्या एका आधारवर्षातील एकूण वेतनखर्चावर काढलेली असते. बाराव्या करारात आधारवर्ष २०२१-२२ होते आणि १७ टक्के म्हणजे १२,४४९ कोटी रुपये. ही एक गंगाजळी झाली. ती मूळ वेतन, भत्ते व इतर लाभ यांत कशी वाटावयाची, हा पुढचा आणि अधिक कठीण प्रश्न.

कारकुनाच्या आरंभीच्या वेतनावरून हे स्पष्ट होईल. अकराव्या करारात ते १७,९०० रुपये होते, बाराव्यात ते २४,०५० झाले. पाहणाऱ्यास वाढ ३४ टक्क्यांची दिसते. प्रत्यक्षात जुन्या वेतनावर मिळणारा ३०.३८ टक्के महागाई भत्ता, म्हणजे ५,४३८ रुपये, मूळ वेतनात मिसळण्यात आला. बेरीज २३,३३८ झाली. त्यावर ३ टक्क्यांची खरी भर, जिला वाटाघाटींच्या भाषेत ‘लोड’ म्हणतात, सुमारे ७०० रुपयांची पडली. बेरीज २४,०३८ आली आणि वेतनश्रेणीच्या सोयीसाठी ती २४,०५० करण्यात आली. भत्त्याचे रुपये कर्मचाऱ्याला आधीपासून मिळतच होते. त्यांचा केवळ रकाना बदलला. दहाव्या करारात ही भर २ टक्के व अकराव्यात २.५ टक्के होती. बाराव्यातील ३ टक्क्यांना १,७९५ कोटी रुपये लागले. १२,४४९ कोटींतील बाकीची रक्कम भत्त्यांकडे व इतर लाभांकडे गेली.

भत्त्यांतील सर्वांत लक्षणीय आहे तो ‘विशेष भत्ता’. दहाव्या करारात तो प्रथम आला तेव्हा मूळ वेतनाच्या ७.७५ टक्के होता. कारकून वर्गासाठी अकराव्यात तो १६.४ टक्के आणि बाराव्यात २६.५ टक्के झाला. त्यावर महागाई भत्ता मिळतो. पण निवृत्तिवेतन, उपदान इत्यादींच्या हिशेबात तो धरला जात नाही. दरमहा हाती येणारी रक्कम वाढते, निवृत्तीनंतरची त्या प्रमाणात वाढत नाही. बँकांच्या दृष्टीने भविष्याचा बोजा आटोक्यात ठेवण्याचा हा उपाय आहे. संघटनांनी प्रत्येक वेळी त्यावर आक्षेप घेतला आणि प्रत्येक वेळी स्वाक्षरीही केली, कारण हातची वाढ नाकारणे सभासदांना रुचले नसते.

महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला असून दर तीन महिन्यांनी बदलतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा तो वर्षातून दोनदा बदलतो. १९६० हे आधारवर्ष बँकांनी फार काळ चालविले. बाराव्या करारात ते सोडून २०१६ चे आधारवर्ष स्वीकारण्यात आले.

अकराव्या कराराची तीन वर्षे

या पद्धतीचे बळ आणि दुबळेपण दोन्ही अकराव्या कराराच्या वेळी दिसले. बुडीत कर्जांमुळे बँका तोट्यात होत्या. मे २०१८ मध्ये बँक संघाने अवघ्या २ टक्के वाढीचा देकार दिला. आधीच्या करारात १५ टक्के मिळालेल्या कर्मचाऱ्यांना तो अपमानास्पद वाटला. कर्जे मोठ्या उद्योगांनी बुडविली आणि शिक्षा काउंटरवर बसणाऱ्याला का, हा त्यांचा प्रश्न होता. बँकेचा तोटा हा वेतन ठरविताना विचारात घ्यावाच लागतो, ही बँक संघाची बाजू होती. ३० व ३१ मे २०१८ रोजी देशव्यापी संप झाला. महिनाअखेर असल्याने पगार व निवृत्तिवेतनाचे व्यवहार रखडले आणि त्याचा त्रास अर्थातच सामान्य ग्राहकांना झाला.

दुसरा तंटा अधिकारपत्राचा. काही बँकांनी केवळ तिसऱ्या श्रेणीपर्यंतच्या अधिकाऱ्यांसाठी अधिकारपत्र दिले होते. सातव्या श्रेणीपर्यंतच्या सर्व अधिकाऱ्यांसाठी ते मिळावे, या मागणीसाठी अधिकाऱ्यांच्या एका प्रमुख संघटनेने २१ डिसेंबर २०१८ रोजी स्वतंत्र संप केला. वरिष्ठांना सामूहिक करारातून बाहेर काढून त्यांचे वेतन कामगिरीशी जोडण्याची ही सुरुवात आहे, अशी तिची शंका होती.

बँक संघाचा देकार हळूहळू वर सरकत १२.२५ टक्क्यांवर आला. ३१ जानेवारी व १ फेब्रुवारी २०२० रोजी, अर्थसंकल्पाच्या ऐन दिवशी, पुन्हा दोन दिवसांचा संप झाला. पुढे करोनाची साथ आली. टाळेबंदीतही बँका उघड्या राहिल्या. २२ जुलै २०२० रोजी १५ टक्क्यांवर सामंजस्य झाले आणि ११ नोव्हेंबर रोजी अंतिम स्वाक्षऱ्या झाल्या. दोनवरून पंधरावर आकडा येण्यास सव्वादोन वर्षे लागली. त्याच करारात कामगिरीवर आधारित प्रोत्साहन रक्कम प्रथमच मान्य झाली. बँकेचा कार्यकारी नफा ५ ते १० टक्क्यांनी वाढल्यास पाच दिवसांचे, १० ते १५ टक्क्यांनी वाढल्यास दहा दिवसांचे आणि त्याहून अधिक वाढल्यास पंधरा दिवसांचे वेतन सर्वांना मिळते. ही रक्कम व्यक्तीच्या नव्हे, बँकेच्या कामगिरीवर ठरते, हे संघटनांनी मिळविलेले यश म्हणावे लागेल.

निवृत्तिवेतन

भारतीय स्टेट बँक वगळता इतर बँकांत पूर्वी केवळ भविष्य निर्वाह निधी व उपदान होते. २९ ऑक्टोबर १९९३ च्या कराराने बँकेच्या भविष्य निर्वाह निधीतील हिश्श्याऐवजी निवृत्तिवेतन घेण्याचा पर्याय मिळाला आणि १९९५ साली त्याचे विनियम आले. अनेकांनी तेव्हा हा पर्याय घेतला नाही. व्याजदर उतरले, आयुर्मान वाढले आणि निधीची एकरकमी रक्कम पुरेनाशी झाली, तेव्हा दुसऱ्या संधीची मागणी जोर धरू लागली. ती एप्रिल २०१० मध्ये नवव्या करारासोबत मिळाली. तिच्या खर्चाचा काही भार कर्मचारी व निवृत्तांनीही उचलला. त्याच वेळी १ एप्रिल २०१० नंतर सेवेत येणाऱ्यांसाठी ही योजना बंद होऊन त्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू झाली. ज्येष्ठांना संधी मिळाली ती अजून सेवेत न आलेल्यांच्या वाट्याचे देऊन, अशी टीका तरुण कर्मचारी करतात, आणि ती खोडून काढणे सोपे नाही. अकराव्या करारात त्यांच्या खात्यातील बँकेचा हिस्सा १० वरून १४ टक्के करण्यात आला.

निवृत्तांचे मुख्य गाऱ्हाणे वेगळेच आहे. केंद्र सरकारच्या निवृत्तांचे मूळ निवृत्तिवेतन प्रत्येक वेतन आयोगाबरोबर सुधारले जाते. बँक निवृत्तांचे मात्र निवृत्तीच्या दिवशी ठरले तेच राहते व केवळ महागाई भत्ता बदलतो. त्यामुळे जुना शाखा व्यवस्थापक आणि अलीकडे निवृत्त झालेला कारकून यांत दुसऱ्याचे निवृत्तिवेतन अधिक, असे घडू शकते. रिझर्व्ह बँकेच्या निवृत्तांना २०१९ साली सुधारणा मिळाली, तेव्हापासून इतर बँकांतील मागणी तीव्र झाली. कुटुंब निवृत्तिवेतनाची ९,२८४ रुपयांची कमाल मर्यादा २०२१ साली उठवून ते शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के करण्यात आले. सहचराच्या निधनानंतर एकट्या राहिलेल्या अनेकींना त्याचा मोठा आधार झाला. बाराव्या करारात निवृत्तांना दरमहा सानुग्रह रक्कम मिळाली. निवृत्त व्यक्ती वाटाघाटींत पक्षकार नसते आणि तिच्यापाशी संपाचे साधनही नसते. तिचा प्रश्न मागे पडण्याचे हे एक उघड कारण आहे.

कामाच्या ठिकाणचे प्रश्न

करारांत केवळ पैशांचे विषय नसतात. संगणकीकरणाविषयीचा सप्टेंबर १९८३ चा करार त्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नोकऱ्या जातील या भयाने संघटनांचा यंत्रांना कडवा विरोध होता. करारात यंत्रांची संख्या व उपयोग यांवर मर्यादा घालून आणि ती चालविणाऱ्यांना खास भत्ता देऊन मार्ग काढण्यात आला. १९८७ व १९९३ च्या करारांनी या मर्यादा टप्प्याटप्प्याने सैल केल्या. त्या काळी या विरोधाची पुष्कळ थट्टा झाली. पण एवढे मोठे स्थित्यंतर कोणाला कामावरून न काढता पार पडले, याचे श्रेय या करारांनाही द्यावे लागते.

आजच्या तक्रारी वेगळ्या आहेत. २०१९ व २०२० मधील विलीनीकरणांनंतर सार्वजनिक क्षेत्रातील बँकांची संख्या बारावर आली. शाखांतील कारकून व शिपाई यांची भरती पुरेशी नाही, कायम स्वरूपाची कामे कंत्राटी माणसांकडे जातात, विमा व म्युच्युअल फंड विकण्याची उद्दिष्टे डोक्यावर असतात, अशी संघटनांची तक्रार आहे. दूरच्या राज्यात बदली झालेल्या तरुण अधिकाऱ्याला ग्राहकांची भाषा येत नाही आणि ग्राहकाला त्याची. महाराष्ट्राच्या ग्रामीण शाखांत याचा त्रास दोघांनाही होतो. शिस्तभंगाच्या कारवाईची पद्धत १० एप्रिल २००२ च्या स्वतंत्र कराराने ठरलेली आहे. बाराव्या करारात महिला कर्मचाऱ्यांना वैद्यकीय प्रमाणपत्रावाचून महिन्यात एक दिवस आजारपणाची रजा घेण्याची मुभा मिळाली.

पाच दिवसांचा आठवडा आणि सद्यस्थिती

दहाव्या करारानुसार १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार बँकांना सुटी असते. उरलेले शनिवारही सुटीचे व्हावेत, ही मागणी जुनी आहे. त्या बदल्यात सोमवार ते शुक्रवार रोज चाळीस मिनिटे अधिक काम करण्यास संघटना तयार आहेत. मार्च २०२४ मध्ये बँक संघाने या प्रस्तावास मान्यता दिली. परंतु बँकांची सार्वजनिक सुटी पराक्राम्य संलेख अधिनियमाखाली सरकारनेच जाहीर करावी लागत असल्याने ती मान्यता सरकारच्या संमतीच्या अधीन ठेवण्यात आली. पाच दिवसांचा आठवडा, पुरेशी भरती आणि कामगिरीच्या आढाव्याविषयीचे सरकारी निर्देश मागे घेणे, या मागण्यांसाठी २४ व २५ मार्च २०२५ रोजी जाहीर झालेला संप श्रम आयुक्तांपुढील बैठकीनंतर पुढे ढकलण्यात आला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली. संपापूर्वी चौदा दिवसांच्या सूचनेचे बंधन आता सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू झाले आहे. ५१ टक्के कर्मचारी सभासद असलेल्या संघटनेस एकमेव वाटाघाटी संघटना म्हणून मान्यता देण्याची तरतूदही संहितेत आहे. बाराव्या कराराचा पाच वर्षांचा कालावधी ३१ ऑक्टोबर २०२७ रोजी पूर्ण होतो.